मागच्या सीटचं वजन

हे वाचायला घ्याल तेव्हा हाताशी अर्धा तास मोकळा ठेवा. खुर्चीत बसा. दोन्ही पावलं जमिनीला पूर्ण टेकू द्या. हात मांडीवर सैल सोडा, खांदे उतरू द्या. डोळे मिटायची गरज नाही. हे मनन उघड्या डोळ्यांनी करायचं आहे.

मी मैसूरला विजयनगरात राहतो, सेकंड स्टेजला. घरात मराठी आणि दारात कन्नड, असं चालत आता सव्वीस वर्षं झाली. त्यातली चोवीस वर्षं माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर माझी बायको बसायची. दोन वर्षांपूर्वी आजारपणात ती गेली. त्यानंतर गाडी ताडपत्रीखाली उभी राहिली आणि मी बसने, रिक्षाने, पायी हिंडत राहिलो. गेल्या दसऱ्याच्या तोंडावर मी पुन्हा गाडी घेतली, नवी कोरी. ज्यांच्या मागची सीट रिकामी झाली आहे आणि ज्यांचा हात पुन्हा हँडलकडे जावा की न जावा अशा विचारात आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. मागे बसणारी बायको असेल, पुढे बसणारा नवरा असेल, भाऊ असेल, बाप असेल. रस्ता एकच आहे, हळूहळू जाऊ.

गाडी ताब्यात घ्यायच्या दिवशी सगळे कागद झाले, चाकांखाली लिंबं ठेवली गेली. तेवढ्यात मेकॅनिकचा पोरगा हातात वाकडा पाना घेऊन मागच्या चाकापाशी उकिडवा बसला. वर बघत त्याने विचारलं, "सिंगला, डबला, सार?"

गाडी चालवणाऱ्याला हा प्रश्न माहीत असतो. मागच्या शॉकअपच्या स्प्रिंगखाली खाचांची एक कडी असते. एकटाच माणूस बसणार असेल तर ती सैल ठेवतात, दोघं बसणार असतील तर एक-दोन खाचा घट्ट करतात. पाना फिरवला की दहा सेकंदांचं काम. त्या पोराला माझ्या घरातलं काही ठाऊक नव्हतं, तो त्याचं काम नीट करत होता. माझ्या तोंडून मात्र "सिंगल" निघेना. मी म्हटलं, "डबल." त्याने पाना फिरवला.

इथे पहिल्यांदा थांबा. तुमच्या आयुष्यातही असा एखादा साधा, निरुपद्रवी प्रश्न असेल. हॉटेलच्या दारात विचारलेलं "किती जण?" असेल. दूधवाल्याचं "उद्यापासून अर्धा की एक?" असेल. फॉर्मवरचा एखादा रकाना असेल. तो प्रश्न आठवा. उत्तर शोधू नका, सावरूही नका. प्रश्न विचारणाऱ्याचा आवाज फक्त पुन्हा एकदा ऐका. तो आवाज कठोर नव्हता. एवढं लक्षात आलं की पुढे वाचा.

माझी जुनी गाडी येझदी होती, रोडकिंग. मैसूरमध्ये हे नाव घेतलं की पन्नाशीपुढच्या माणसाचा चेहरा बदलतो. विजयनगरापासून जवळच यादवगिरीला आयडियल जावा कंपनीचा कारखाना होता. मूळ जावा ही चेकोस्लोव्हाकियाची गाडी. इराणी कुटुंबाने ती मैसूरला आणली, आणि १९६१ पासून या गावात गाड्या तयार होऊ लागल्या. पुढे १९७३ मध्ये त्यांना येझदी हे नाव मिळालं, इराणमधल्या यझ्द शहरावरून. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. गाड्या मात्र राहिल्या. आजही पहाटे एखाद्या गल्लीतून तो टू-स्ट्रोकचा भरलेला आवाज येतो, आणि मागे ऑइल मिसळलेल्या पेट्रोलच्या धुराचा वास रेंगाळतो.

२०२२ च्या जानेवारीत येझदी हे नाव नव्या कंपनीकडून पुन्हा बाजारात आलं. नाव तेच. टाकीचा बाकही ओळखीचा वाटतो. इंजिन मात्र सर्वस्वी वेगळं. फोर-स्ट्रोक, ३३४ सीसीचं, पाण्याने गार होणारं. पेट्रोलमध्ये ऑइल घालावं लागत नाही, निळा धूर निघत नाही. जुन्या गाडीत किक मारायचा दांडा आणि गिअरचा दांडा एकच होता. किक मारली की तोच खाली वळवून गिअर टाकायचे. नव्यात बटण दाबलं की गाडी सुरू.

मी हीच गाडी घेतली. त्यामागे जुनं परत मिळवायचा हट्ट आहे का, असं मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. आज वाटतं, मला एक नाव दिसलं होतं. सव्वीस वर्षं गप्प राहून ते पुन्हा रस्त्यावर आलं होतं आणि आपण पूर्वीचेच आहोत असा त्याचा दावा नव्हता. मागच्या सीटवरचं माणूस गेल्यावर पुन्हा गाडीवर बसणारा माणूसही असाच असतो. लोक त्याला जुन्याच नावाने हाक मारतात, तो "ओ" देतो, पण आत सगळं बदललेलं असतं. त्यात फसवणूक काही नाही.

आता मनाने गाडीजवळ या. पहाटेचे साडेपाच वाजले आहेत. समोरच्या घरातल्या अज्जींनी अंगण शिंपडून रांगोळी घातली आहे. नंदिनी दुधाच्या बूथवर क्रेट उतरवल्याचा आवाज येतो आहे. कुठूनतरी कॉफीच्या डिकॉक्शनचा वास आला आहे. गाडी साइड स्टँडवर कलून उभी आहे. लगेच बसू नका. टाकीवर तळहात ठेवा. रात्रभर बाहेर राहिलेलं लोखंड गार लागतं. तेवढा वेळ हात तिथेच असू द्या.

आता दोन्ही हातांनी हँडल धरा आणि गाडी स्टँडवरून सरळ करा. वजन लागेल. सवय मोडलेल्या माणसाला ते फार लागतं. मनगटं थरथरतील. पण एक क्षण असा येतो की गाडी अगदी उभी होते आणि वजन अचानक नाहीसं होतं. पावणेदोनशे किलोंच्या वरचं धूड दोन बोटांनी धरता येतं. वजन कुठेही गेलेलं नसतं, ते चाकांच्या वर आलेलं असतं. थोडं डावीकडे कललं की पुन्हा जाणवतं.

दुःखाचंही वजन काही दिवस असंच लागतं, काही क्षण लागत नाही. ते लागत नाही त्या क्षणी आपण घाबरतो आणि मनात येतं, मी विसरलो की काय? इथे थांबा आणि स्वतःला सांगा, वजन आहे तिथेच आहे. ह्या क्षणी ते चाकांवर तोललेलं आहे, एवढंच.

बसा. हेल्मेट घाला. मागच्या सीटवर बसणाऱ्याला हेल्मेटची सक्ती कर्नाटकात २०१६ च्या जानेवारीत झाली. तेव्हा माझ्या बायकोने लाल रंगाचं हेल्मेट घेतलं. तिची अडचण एकच, गजरा चुरगळायचा. इथली फुलवाली मैसूर मल्लिगेचा गजरा कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत मोजून देते, त्या मापाला मोळ म्हणतात. मोळभर गजरा रुमालात गुंडाळून ती हातात धरायची आणि उतरल्यावर माळायची. त्यामुळे चोवीसपैकी शेवटची काही वर्षं तो वास मला तिच्या केसांतून आला नाही. माझ्या पोटाशी धरलेल्या तिच्या मुठीतून आला. ते लाल हेल्मेट आजही दाराआड खुंटीला आहे. मुलगी म्हणाली, "बाबा, राहू दे तिथंच." मीही राहू दिलं. ठेवायचं की काढायचं हे आजच ठरवलं पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही. तुमच्या घरातल्या खुंटीवर जे आहे, त्याच्याकडे एकदा बघा आणि ते तिथेच असू द्या.

किल्ली फिरवा. न्यूट्रलचा हिरवा दिवा बघा. बटण दाबा.

पहिल्या दिवशी माझा उजवा हात तयार होता, डावा क्लचवर होता, इंजिन सुरू होतं आणि मी निघत नव्हतो. काय अडलंय ते मलाच कळेना. मग ध्यानात आलं की मी वाट पाहत होतो. पदर सावरून नीट बसली की ती माझ्या उजव्या खांद्यावर दोनदा थोपटायची. ती खूण झाल्याशिवाय मी चोवीस वर्षांत कधी क्लच सोडला नव्हता. मनाला सगळं माहीत होतं, खांद्याला अजून कुणी सांगितलं नव्हतं.

शरीर उशिरा शिकतं. इथे जरा जास्त वेळ थांबा. तुमचं शरीर अजून कशाची वाट पाहतं आहे? ताटं घेताना हात एक जास्त उचलतो का? रात्री दाराची कडी लावताना कान बाहेर असतो का? त्या अवयवाला रागावू नका. त्याने प्रेमाने शिकलेली गोष्ट तो पाळतो आहे. त्याच्यावर दुसरा हात ठेवा. मी त्या सकाळी डाव्या हाताने माझ्याच उजव्या खांद्यावर दोनदा थोपटलं. मग क्लच सोडला.

गाडी सुरू झाली की पहिले वीस-तीस फूट सगळ्यात अवघड. वेग कमी असतो आणि तोल जातो. दुचाकीचा तोल कसा राहतो याचं शास्त्र गमतीचं आहे आणि सायकल शिकवताना मोठ्यांनी ते आपल्या कानांत ओरडून सांगितलेलं असतं. गाडी डावीकडे पडू लागली तर हँडल डावीकडेच वळवावं लागतं. घाबरून उजवीकडे ओढलं तर माणूस पडतो. पडत्या बाजूला वळवलं की चाकं वजनाखाली येतात आणि गाडी आपोआप उभी होते. बघणाऱ्याला गाडी सरळ रेषेत जाताना दिसते. खरं तर ती सतत थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे पडत असते आणि सतत सावरली जात असते.

मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या नेदरलँड्समध्ये काम करणाऱ्या दोन अभ्यासकांनी १९९९ मध्ये शोकाबद्दल असाच एक विचार मांडला. शोकातला माणूस कधी गेलेल्या माणसाकडे वळतो, रडतो, फोटो काढून बसतो. कधी पुढच्या कामांकडे वळतो, बँकेत जातो, नवा स्वयंपाक शिकतो, नवी गाडी घेतो. या दोन बाजूंमध्ये मागेपुढे होणं हेच निरोगी शोकाचं लक्षण आहे, असं त्यांचं म्हणणं. एकाच बाजूला अडकून पडलं तर माणूस अडचणीत येतो. गाडीवर बसणाऱ्याला हे पटायला वेळ लागत नाही.

म्हणून आठवण आली तर हँडल दुसरीकडे ओढू नका. तिच्याकडेच थोडं वळवा. हिनकलच्या चौकात मला तिची आठवण येते. तिथे सिग्नलला ती नेहमी मागून सांगायची, "अजून पाच सेकंद आहेत, घाई नको." मी आता तिथे ते पाच सेकंद मनात मोजतो. मोजून होतात, हिरवा होतो, गाडी सरळ होते.

हिनकल सोडलं की हुणसूर रस्ता लागतो. तोच पुढे कोडगूकडे, मडिकेरीला जातो. मोकळा रस्ता बघून हात ॲक्सिलरेटर पिळायला शिवशिवतो. पण नवी गाडी रनिंग-इनला असते. पहिले पाचशे-हजार किलोमीटर तिला पळवायचं नसतं. कारण सांगतो. नव्या सिलिंडरची भिंत आणि पिस्टनच्या रिंगा दिसायला गुळगुळीत असल्या तरी त्यांच्यावर बारीक खडबड असते. चालता चालता त्या एकमेकींवर घासून एकमेकींना बसतात. या घासण्यात धातूचे बारीक कण सुटतात आणि ऑइलमध्ये उतरतात. म्हणून पहिल्या सर्व्हिसिंगला ते ऑइल काढून टाकतात. नवे टायरही सुरुवातीला निसरडे असतात. थोडे घासल्यावरच ते रस्ता धरतात.

आणखी एक गोष्ट जुने मेकॅनिक आवर्जून सांगतात. नव्या गाडीला फार जपूनही चालत नाही. एकाच मंद वेगात रेंगाळत ठेवली तर रिंगा नीट बसत नाहीत. तिला थोडा चढ द्यावा, थोडा वेग बदलावा, थोडा भार पडू द्यावा. माहेरपण करावं, पण कामही सांगावं.

माणूस गेल्यानंतरचा आपणही रनिंग-इनला असलेला माणूसच असतो. कुणी म्हणेल, दोन वर्षं झाली, आता बास. कुणी म्हणेल, जप, घराबाहेर पडू नकोस. दोघांचंही प्रेमाने ऐकून घ्या. मग आपल्या इंजिनाचा आवाज ऐका. आज थोडा चढ चढता येईल का? एखाद्या लग्नाला अर्धा तास जाऊन येता येईल का? घासेल, कण सुटतील. तेही अश्रूंनी, बोलण्याने, झोपेने बाहेर जातील. आत्ता मनात एक छोटा चढ ठरवा. मोठा नको. ठरला की पुढे चला.

काही जणांनी फार मोठी वाट धरली. नील पिअर्ट हा कॅनडातल्या 'रश' या रॉक बँडचा ड्रमर होता. १९९७ च्या ऑगस्टमध्ये त्याची एकुलती एक मुलगी मोटार अपघातात गेली, आणि वर्ष पुरं व्हायच्या आत बायको कर्करोगाने गेली. तो बीएमडब्ल्यू मोटरसायकल घेऊन निघाला आणि चौदा महिन्यांत सुमारे ८८,००० किलोमीटर फिरला. त्यावर त्याने लिहिलेलं 'घोस्ट रायडर' हे पुस्तक २००२ मध्ये आलं. पुढे तो ड्रमकडे परतला.

आमच्या मैसूरचे डी. कृष्णकुमार यांची वाट याहून वेगळी. वडील गेल्यावर एकदा आईशी बोलताना त्यांना कळलं की संसारात बुडालेल्या आईने बेलूर-हळेबीड तर राहोच, जवळचं देऊळसुद्धा पाहिलेलं नाही. त्यांनी नोकरी सोडली आणि २०१८ च्या जानेवारीत आईला मागे बसवून ते निघाले, वडिलांनी घेऊन दिलेल्या जुन्या बजाज चेतकवर. 'मातृसेवा संकल्प यात्रा' हे तिचं नाव. मायलेक पन्नास हजार किलोमीटरच्या वर हिंडले, नेपाळ-भूतानपर्यंत गेले. ती स्कूटर म्हणजेच आपले वडील असं ते मानत, म्हणजे प्रवासाला दोघं नसून तिघं होते.

एकाने नव्या वाटा धरल्या, एकाने जुन्या स्कूटरवर आईला फिरवलं. मी विजयनगरातून निघून येलवालपर्यंत जातो आणि परत येतो, वीसेक किलोमीटर. तिघांच्या दुःखाची मापं लावून बघण्यात काही अर्थ नाही. प्रत्येकाची टाकी वेगळी.

येलवालला मी गाडी बाजूला घेतो. या छोट्या गावात १९५७ च्या सप्टेंबरमध्ये ग्रामदान परिषद भरली होती. पंडित नेहरू आले होते, राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद आले होते. ज्यांच्यासाठी हे सगळे जमले, ते विनोबा भावे पदयात्रा करत आले होते. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या गागोद्याचा हा मराठी माणूस १९५१ पासून जमीन मागत देशभर चालत होता, आणि पुढेही कित्येक वर्षं चालत राहिला. चाळीसच्या वेगाने आल्याचं मला वाईट वाटत असेल, तर इथे उभं राहिल्यावर ते उतरतं. पावलांच्या वेगाने माणूस देशभर पोचू शकतो. मला तर फक्त घरापर्यंत पोचायचं आहे.

गाडी बंद करा. इंजिन बंद झाल्यावर काही वेळ टिक-टिक असा आवाज येत राहतो. तापलेला धातू निवताना आकसतो, त्याचा तो आवाज. तो पूर्ण थांबेपर्यंत उभे राहा. श्वास लांब सोडा. आजूबाजूच्या शेतांवरून येणारी हवा चेहऱ्याला लागू द्या. ज्याच्याविना ही हवा तुम्हाला एकट्याने घ्यायला नकोशी वाटते, त्याचं नाव मनात एकदा घ्या. मोठ्याने घेतलंत तरी चालेल, रस्त्यावर कुणी ऐकत नाही.

आता परतायचं. परतीच्या वाटेवर मला एक गोष्ट रोज जाणवत राहिली. प्रत्येक गतिरोधकावर गाडी मागून उसळायची, पाठीला दणका बसायचा. गाडीत दोष नव्हता. दोन माणसांसाठी आवळलेल्या स्प्रिंगवर एकच माणूस बसला होता. जे वजन तिथे नाही, त्याच्यासाठी ती ताठ राहिली होती, आणि धक्का मी खात होतो. हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तरी पाचशे किलोमीटर मी ते तसंच चालवलं. त्याचा मला पश्चात्ताप नाही. तेवढे किलोमीटर मला लागत होते.

पहिल्या सर्व्हिसिंगला गाडी घेऊन गेलो. जुनं ऑइल काळसर होऊन बाहेर आलं, नवं भरलं. तोच पोरगा वाकडा पाना घेऊन मागच्या चाकापाशी बसला. या वेळी त्याने विचारायच्या आधी मीच म्हटलं, "सिंगल माड्री." मग त्याच्या शेजारी उकिडवा बसलो आणि पाना कसा अडकवायचा, किती खाचा फिरवायच्या, ते त्याच्याकडून शिकून घेतलं. दिवाळीला मुलगी पुण्याहून येणार होती, तिला चामुंडी टेकडीवर न्यायचं होतं.

तुम्ही गाडी काढाल तेव्हा घाई करू नका. दुःखाला घरी कोंडून निघू नका आणि त्याच्यासाठी पाठ ताठ ठेवूनही फिरू नका. स्प्रिंग आज आहे तेवढ्या वजनाला लावा. हेल्मेटचा पट्टा नीट आवळा. पाना मात्र गाडीतच असू द्या.